मी इथंच राहणार

सातारकरीण | रविवार, रात्री १०:५०

आई जाऊन परवा तीन महिने झाले. "आता दादाचं काय?" हा विषय तेराव्याच्या पंगतीतच निघाला, दादा समोर पान मांडून बसलेला असताना. मामा म्हणाले, पुण्याला घेऊन जा, तुझ्याकडं जागा आहे. काकूंनी कुठल्याशा संस्थेचं नाव काढलं, जेवणखाण उत्तम, वर्षाला दोन सहली. दादानं लाडू संपवला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "मी इथंच राहणार." त्यावर कुणी काही बोललं नाही. मालिकेत मध्येच जाहिरात यावी आणि परत मालिका सुरू व्हावी, तसे सगळे पुन्हा पुणे की संस्था यावर आले.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, ४३ वर्षांचा. प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. स्वतःचं नाव लिहिता येतं. नोटा रंगावरून ओळखतो, पण सुटे किती परत यायला हवेत ते कळत नाही. मोती चौकाजवळ एका पेढेवाल्याकडं १४ वर्षं खोके घडी घालतोय. आई म्हणायची, साताऱ्याबाहेर गेलेल्या निम्म्या कंदी पेढ्यांना माझ्या पोराचा हात लागलाय. कुकर लावतो. शिट्ट्या मोजताना गडबडायचा, म्हणून आईनं ओट्यावर सोड्याच्या बाटलीची तीन बुचं ठेवली होती. शिट्टी झाली की एक बूच डावीकडून उजवीकडं. डावीकडं काही उरलं नाही की गॅस बंद.

भीती कसली तेही सांगते. दोन वर्षांमागं स्टँडवर एकानं "पाकीट मारलं, गावाला जायला पैसे नाहीत" म्हणून त्याचा अख्खा पगार नेला. दादाला अजून वाटतं तो माणूस परत करायला येणार आहे.

मध्यंतरी त्याला दोन आठवडे पुण्याला नेऊन बघितलं. अकरावा मजला. लिफ्टची बटणं कळेनात. वॉचमननं तीनदा हाताला धरून वर आणून सोडला. साताऱ्यात जो माणूस रोज सकाळी एकटा कामावर जातो, त्याला माझ्या घरी नुसतं खाली उतरायला माझी परवानगी लागायला लागली. पंधराव्या दिवशी पिशवी भरून दाराशी बसून राहिला.

सध्या तो साताऱ्यातच आहे. शेजारच्या वैनी रात्रीचा डबा देतात, मी शनिवार-रविवार ये-जा करते. असं किती दिवस चालणार? इथं कुणी हे केलंय का? आणि एक प्रश्न, जो घरात विचारला तर भांडण होईल: त्यानं तिथं राहायचं की नाही, हे ठरवणारी मी कोण?

---

आभा_ | सोमवार, सकाळी ७:१५

बुचांची युक्ती वाचून आईंना मनातल्या मनात नमस्कार केला. गॅसऐवजी आपोआप बंद होणारी शेगडी बघा. बाकी जाणकार सांगतीलच.

---

साठीपार | सोमवार, सकाळी ९:०२

ताई, माझी मुलगी २९ वर्षांची, डाऊन सिंड्रोम. मी ६७, बायकोचे गुडघे गेलेत. रोज रात्री दिवा मालवला की दोघं जागे असतो आणि दोघांना माहीत असतं की दुसरा जागा आहे. आमच्यानंतर काय?

त्यामुळं 'हक्क' वगैरे शब्द आले की माझं डोकं फिरतं. तुमचा भाऊ पुरुष आहे, त्याचा पगार गेला. माझ्या मुलीला "चल, आईस्क्रीम देतो" म्हणणाऱ्या माणसाबरोबर ती हसत जाईल, आणि काय जाईल ते मी इथं लिहीत नाही. एकटं राहू द्या म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी आठवडाभर येऊन राहावं. भावाला चांगल्या संस्थेत ठेवा, जिवंत आणि सुरक्षित राहील. बोलणं कडक वाटलं तर माफ करा.

---

मुक्काम_पोस्ट | सोमवार, सकाळी ११:३०

साठीपारांशी सहमत. ही देवाची लेकरं असतात. सहा वर्षांच्या मुलाला कुणी एकटं घरात ठेवतं का?

---

खडूबाई | सोमवार, दुपारी २:१०

@मुक्काम_पोस्ट, बावीस वर्षं विशेष शाळेत आणि नंतर प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवतेय, म्हणून जरा रागानंच लिहिते. "मानसिक वय सहा" हा हिशोब कागदावरचा. सहा वर्षांच्या कुठल्या पोरानं १४ वर्षं नोकरी टिकवलीय? आणि आई गेल्यावर सहा वर्षांचं पोर "मी इथंच राहणार" म्हणून तीन महिने आपल्या शब्दावर टिकतं का? तो त्रेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, त्याला हिशोब येत नाही. हिशोब न येणारे बाप्ये मी स्टाफरूममध्येही पाहिलेत.

सातारकरीण, कामाचं सांगते. "एकटा राहू शकेल का?" या प्रश्नाचे तुकडे करा. उठणं, आंघोळ, कपडे धुणं, दाराला कुलूप, औषध, पैसे, अनोळखी माणूस, ताप आला तर काय. प्रत्येकापुढं लिहा: स्वतः करतो, आठवण केली की करतो, कुणी बरोबर लागतं, जमत नाही. आमच्याकडं पालक ही यादी भरतात तेव्हा शेवटच्या रकान्यात दोन-तीनच गोष्टी उरतात. मग त्या दोन-तीन गोष्टींना माणूस शोधायचा. आपण नेमकं उलटं करतो. पैसे मोजता येत नाहीत म्हणून घर, गाव, नोकरी सगळंच काढून घेतो.

@साठीपार, तुमची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण संस्थेची भिंत सुरक्षित असते हे मला मान्य नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढून टाकली होती. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता ठेवणं कठीण जातं. तेव्हा बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. मुली भिंतीच्या आतच होत्या.

---

कलमदान | सोमवार, रात्री ९:४५

कायद्याचं बघू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला तोच लागतो.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार २००६ चा, भारतानं तो २००७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीकारला. त्याचं १९ वं कलम म्हणजे हाच धागा: कुठं राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायची संधी दिव्यांग माणसाला इतरांइतकीच हवी, अमुकच ठिकाणी राहायची सक्ती नको. मदत न घेता राहून दाखवा असं त्यात कुठंही नाही. उलट घरी येऊन मिळणारी मदत हा त्याच कलमाचा भाग आहे. ते आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५ म्हणून आलं (लागू १९ एप्रिल २०१७ पासून). मात्र आपल्या कायद्यानं सरकारला 'प्रयत्न करील' एवढ्यावर सोडलंय. म्हणून हक्क कागदावर, आणि डबा वैनींकडून.

आता पालकत्व. १८ वर्षं पूर्ण झाली की तो कायद्यानं सज्ञान, तुम्ही आपोआप त्याच्या पालक होत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करून पालक नेमता येतो. बँक, पेन्शन, फ्लॅट यासाठी लोक ते करतात. पण २०१६ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की पालकत्व मर्यादित असेल: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून, त्याच्या इच्छेला धरून. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही आता मर्यादित पालकच समजायचे, असं तिथंच लिहिलंय. म्हणजे पालकत्वाचा कागद मिळाला तरी "तू पुण्यालाच चल" म्हणायचा परवाना मिळत नाही. (कचेरीतल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. कायद्याची छापील प्रत बरोबर ठेवा.)

सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा सुचिता श्रीवास्तव खटलाही बघा. चंडीगडच्या सरकारी निवारागृहातली सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी, तिथंच अत्याचार होऊन गरोदर राहिली. उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला, तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं आदेश रद्द केला: तिची संमती नाही, तर दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं ठरवायचं नाही.

आता माझा एक प्रश्न, राग मानू नका. दादा राहतो तो फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

---

सातारकरीण | मंगळवार, रात्री १:२०

आईच्या.

---

कलमदान | मंगळवार, सकाळी ८:००

मृत्युपत्र नसेल आणि वडील आधीच गेलेले असतील, तर निम्मा तुमचा, निम्मा त्याचा. अक्षमतेमुळं वारसा जात नाही, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ मध्ये ते स्पष्ट आहे. आणि म्हणूनच सांगतो: २०१६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की एखाद्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे आणि दिव्यांग माणसाचे हितसंबंध आपसांत भिडत असतील, तर आधार देणाऱ्यानं त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हावं. सख्खी बहीण आहे एवढ्यावरून हितसंबंध भिडतात असं धरायचं नाही, हेही तिथंच आहे. पण फ्लॅट विकायचा विषय निघाला तर दादाच्या बाजूनं दुसरं कुणीतरी हवं.

---

सातारकरीण | मंगळवार, रात्री ११:४०

निघाला होता. मामांनी नाही, मीच काढला होता, नवऱ्यापाशी. दादा पुण्याला आला तर साताऱ्याचा फ्लॅट रिकामाच पडणार, विकला तर आमचं कर्ज फिटतं आणि दादाच्या नावावर ठेवही राहते. हे मी मूळ लेखात लिहिलं नाही. "त्याच्या भल्यासाठी पुण्याला" असं म्हणत होते तेव्हा हे डोक्यात नव्हतं असं शपथेवर सांगू शकणार नाही. कलमदान, राग नाही आला. झोप गेली.

---

उत्तरेचा_वारा | बुधवार, दुपारी ३:३०

मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर सहा छोटी घरं आहेत, सगळ्यांत बौद्धिक अक्षमता असलेली माणसं. प्रत्येकाचा स्वतःचा भाडेकरार, दारावर स्वतःचं नाव, मध्ये एक सामाईक खोली, तिथं पाळीपाळीनं कर्मचारी. इथं १९९४ पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे, आणि जुन्या मोठ्या संस्था १९९९ च्या अखेरीपर्यंत बंद करायच्या अशी तारीखच घालून दिली होती. त्याआधी १९८९ मध्ये एखाद्याला 'अक्षम' जाहीर करायची तरतूदच काढून टाकली. आता मदतनीस नेमतात, पण माणसाचा मतदानाचा अधिकार जात नाही आणि सहीचाही सहसा जात नाही.

हे सगळं चांगुलपणातून आलं असं समजू नका. लुंडच्या व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४० च्या दशकात तिथल्या अशाच माणसांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या, गोडानं दात किडतात का ते बघायला. दात किडले. खाणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. इथली पोरं अजून गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी खातात, त्या प्रथेचं मूळ त्या प्रयोगात आहे. नसबंदीचा कायदा १९३४ पासून १९७५ पर्यंत होता. स्वीडननं आधी हे सगळं केलं, मग शहाणपण आलं.

आणि खाली राहणारा माझा एक शेजारी, पन्नाशीचा. घर आहे, पैसे आहेत, कर्मचारी आहेत. रविवारी दुपारी तो जिन्यात येऊन उभा राहतो, कुणीतरी "हाय" म्हणेल म्हणून. तुमच्या दादाला मोती चौकात रोज किती लोक हाक मारतात?

---

सातारकरीण | बुधवार, रात्री १०:०५

मोजले नाहीत. कामावर जायला वीस मिनिटांची वाट, पाऊण तास लागतो.

---

न्यूजर्सीकर | गुरुवार, पहाटे ५:१०

अमेरिकेत व्हर्जिनियातली जेनी हॅच. डाऊन सिंड्रोम, जुन्या वस्तूंच्या दुकानात नोकरी. दुकानाच्या मालकांकडंच राहायचं म्हणत होती, घरच्यांनी पालकत्वासाठी कोर्ट गाठलं आणि तिची रवानगी समूहगृहात झाली. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी तिच्या मर्जीच्या माणसांना पालक नेमलं, तेही एका वर्षापुरतं. नंतर तिनं स्वतः ठरवायचं, त्यांनी समजावून सांगायला मदत करायची. तिथं पालकत्वाऐवजी 'आधार घेऊन निर्णय' ही कल्पना त्या खटल्यानं लोकांना कळली.

---

साठीपार | गुरुवार, सकाळी १०:२०

स्वीडनमध्ये कर्मचारी सरकार देतं. इथं बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही. बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही काही सरकारनं उभी केलेली नाहीत. आमच्यासारख्या आईबापांनी पदरचे पैसे घालून, जागा शोधून उभी केली. त्यांना 'संस्था' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती नसती तर काय झालं असतं याची कल्पना नाही. आम्ही अशाच एका ठिकाणी प्रतीक्षायादीत आहोत.

आणि खडूबाई, शिरूरचं मला माहीत आहे. तेव्हा मुलगी जन्मलेली नव्हती. झाल्यावर ते कात्रण पुन्हा काढून वाचलं. मला दोन्ही बाजूंनी भीती वाटते, एवढंच.

---

रेवाकाठ | गुरुवार, दुपारी १:००

वेगळा अनुभव. माझी मोठी बहीण नऊ वर्षं संस्थेत आहे. ठेवताना तिला विचारलं नव्हतं, ते खरं. पहिलं वर्ष वाईट गेलं. आता दिवाळीला घरी आणलं की पाचव्या दिवशी "माझ्या घरी सोड" म्हणते. तिथं तिची एक मैत्रीण आहे, दोघींची कॉट शेजारी. गेल्या वर्षी दुसऱ्या, जास्त सोयीच्या संस्थेत हलवायचं चाललं होतं. या वेळी विचारलं. नाही म्हणाली. नाही हलवलं.

---

खडूबाई | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

@रेवाकाठ, बरोबर केलंत. @साठीपार, मी त्या संस्थांना नावं ठेवत नाही, माझे विद्यार्थी आहेत तिथं. मुलीला ती जागा दाखवायला नेलंत का हो कधी? एक दिवस, जेवायच्या वेळी. नाक मुरडते का हसते ते तरी कळेल.

---

कलमदान | शुक्रवार, सकाळी ८:२०

राहिलेलं. आई नोकरीत होत्या का? निवृत्तिवेतन असेल तर मानसिक अक्षमता असलेल्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, आईनं हयातीत त्याचं नाव नोंदवलं असेल तर काम सोपं. वर सांगितलेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. तुम्ही त्याचा खर्च करत असाल तर प्राप्तिकरात अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी वजावट मिळते का ते बघा. आणि मतदार यादीत नाव आहे ना? सक्षम न्यायालयानं तसं जाहीर केलेलं नसेल तर बौद्धिक अक्षमतेमुळं मत जात नाही.

---

सातारकरीण | शुक्रवार, रात्री ९:३०

आई जिल्हा परिषदेत शिक्षिका होती. तिच्या ट्रंकेत एक फाईल सापडली, वर दादाचं नाव. सगळं नोंदवून ठेवलंय, फोटोसकट. मत प्रत्येक वेळी देतो. शाई जाईपर्यंत त्या बोटानं आमटी खात नाही.

---

आभा_ | पाच आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतेय. काय झालं पुढं?

---

सातारकरीण | रविवार, रात्री ११:१५

तो साताऱ्यातच आहे.

खडूबाईंची यादी आम्ही दोघांनी बसून भरली. "जमत नाही" मध्ये तीनच गोष्टी आल्या: पैसे, डॉक्टरकडं काय होतंय ते सांगणं, आणि दारावर येणाऱ्याला नाही म्हणणं. तिसरं त्यानं स्वतः सांगितलं, मला सुचलं नव्हतं. पगार बँकेत, दुकानाचे शेठ दर सोमवारी त्यातले पाचशे हातात देतात. वैनींकडं एक किल्ली, दादाकडं एक. माझ्याकडं होती ती मी त्याला विचारूनच माझ्याकडं ठेवली. फ्लॅट विकायचा नाही, नवऱ्याशी भांडून नव्हे, आकडेमोड करून ठरलं. कर्ज आहे तसं आहे. कागद करायला वेगळा वकील शोधला, दादाच्या बाजूनं वैनींचे मिस्टर बसले.

सगळं छान नाही. दुसऱ्या आठवड्यात नळ उघडा राहिला, खालच्या मजल्यावर पाणी गेलं, त्यांनी मला फोनवर "तुम्ही जबाबदारी टाळताय" म्हणून सुनावलं. उत्तर देता आलं नाही. एका रात्री त्यानं फोन उचलला नाही तर मी अकराच्या गाडीनं निघाले. दार उघडून म्हणाला, "झोपलो होतो, तू का आलीस?"

हा धागा मी त्याला वाचून दाखवला. कायद्याच्या भागात जांभया दिल्या. टॉफीचं दोनदा वाचायला लावलं. साठीपारांचं ऐकून म्हणाला, "त्या पोरीला इकडं येऊ दे फिरायला, मी पेढे देईन." मग विचारलं, ही माणसं कोण, माझं घर यांनी कधी बघितलंय?

आणि परवा न सांगता लव्हबर्डची जोडी घेऊन आला, पिंजऱ्यासकट बाराशे रुपये. दोन सोमवारचे हजार, दोनशे उधार. पैसे मोजता येत नाहीत म्हणत होतो, उधारी बरी जमली! मी भडकले. तो ऐकून घेत होता आणि एकीकडं पिंजऱ्यातलं पाणी बदलत होता.

तर जाणकारांना प्रश्न: या पक्ष्यांचा पिंजरा रात्री झाकावा लागतो का? वैनी म्हणतात टॉवेल घाला. दादा घालू देत नाही. म्हणतो, त्यांना विचारलंय, त्यांना उजेड पाहिजे.